कोरफडीची वाटी

सासू : ...आणि एवढी कडू लागते की दोन दिवसांत लेकरू आपणहून तोंड फिरवतं. घे ही वाटी, छातीला लाव. माझी तिन्ही अशीच सुटली.

सून : अम्मी, अकरा महिन्यांचा आहे तो.

सासू : मग काय मिशा फुटेपर्यंत पाजणार आहेस?

सून : कुराणात दोन वर्षं सांगितलीत.

सासू : ज्यांना पुरी करायचीत त्यांना. आधी सोडवलं तरी गुन्हा नाही, तेही तिथंच आहे. मलाही वाचता येतं हो!

सून : अर्धंच वाचलंत. नवरा-बायकोनं आपसात बोलून, दोघांच्या राजीखुशीनं सोडवलं तर गुन्हा नाही.

सासू : तो राजी आहे.

सून : आठ दिवस एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. सल्ला कुणाचा घेतला?

सासू : माझा.

सून : मग पाजा तुम्हीच.

सासू : जीभ फार चालायला लागलीय.

सून : परवा तुमच्या लेकीशी, ताईंशी, फोनवर बोलत होतात, तेव्हा मी दारातच होते. ‘दूध सुटलं की पोरगं आपलं, मग हिला माहेरी धाडू.’

सासू : भिंतीला कान असतात म्हणतात, इथं दारालाही आहेत.

सून : म्हणजे खरंय. पण मी मौलवीसाहेबांच्या घरी विचारून आलेय. तलाक दिला तरी एवढंसं लेकरू आईकडेच राहतं, दूध सुटो न सुटो. वर पाजतेय तोवर तिचं खाणं-कपडा बापाकडे. आईला लेकरापायी छळू नका, असं लिहिलंय, अम्मी.

सासू : लिहिलेलं सगळं घरात चालतं होय?

सून : असं बोलू नका. भीती वाटते मला तुमची. हे कुठं आहेत?

सासू : ताईकडे गेलाय, तिच्या गावी. येईल दोन दिवसांनी.

सून : मला न सांगता? मी बाळाला बघून येते.

सासू : थांब. गाढ झोपलाय तो. दार वाजलं की दचकेल.

सून : मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तेव्हापासून झोपलाय? एवढा वेळ तो कधीच झोपत नाही.

सासू : बाटलीभर प्यायलाय. तुझ्यावाचून अडलं नाही त्याचं.

(सून ओढणी छातीशी घट्ट धरते.)

सून : पान्हा फुटलाय मला. सगळं भिजलं बघा. रडतोय तो, अम्मी, भूक लागलीय त्याला.

सासू : काहीतरीच तुझं. इतक्या कोसांवरनं कसं कळेल तुला?