पहिली ओळ

आमच्या कळंबला उन्हाळ्यात पारावर शास्त्रीय गाण्याच्या फुकट मैफली असतात ना, त्यातल्या पहिलीची गोष्ट ऐकाच. बुवा डोळे मिटून संथ ख्याल गात होते, तेवढ्यात शेतीची लाईट आली. झालं! अख्खं गाव उसाला पाणी सोडायला पळालं. लाईट काय गाणं संपायची वाट बघणार? बुवांनी डोळे उघडले, तर समोर मैफल ठरवणारे तात्या एकटेच.

"हा अपमान आहे!" बुवा उठायला लागले.

"बसा बुवा, मोटारी चालू केल्या की येत्यात समदी," तात्यांनी हात जोडले.

बुवा घुश्शातच पुन्हा गायला लागले. तासाभरानं मंडळी चिखलाच्या पायांनी परत येऊन बसली. एकानं हळूच विचारलं, "तात्या, लई गाणं हुकलं का?"

"कुठलं! तुमचं पाणी सरीच्या टोकाला गेलं, बुवा अजून पहिल्याच ओळीवर हायत."