दम लागणारी बाई

नाही, त्या टोकाला नका बसू, तिथं झाडाचा चीक गळतो आणि तुमची ती पँट अगदी कोरी दिसतेय. इकडे या, सावलीत. घाई कसली एवढी? वरच्या वाटेवर आत्ता ऊन आलंय, अशा वेळी पाखरंसुद्धा गप्प बसतात, माणसंच तेवढी चढत सुटतात. किती खिसे आहेत हो तुमच्या जाकिटाला? आणि प्रत्येकात काहीतरी आहेच ना? — असू दे, असू दे, मी आपलं विचारलं. लाल तोंडाचा वटवट्या बघायला आलात ना? ओळखलं मी. मे महिन्यात या दरीत एवढी लांब नळी घेऊन दुसऱ्या कशासाठी कोण येतंय — कॅमेराच ना तो? मला वाटलं तोफ. बरं, तुमचं ते सँडविच झाका आधी, वरच्या फांदीवर तो निळा 'जे' पक्षी बसलाय, तो तुमच्याकडे नाही, तुमच्या सँडविचकडे बघतोय. — गेलं ना? सांगत होते मी. आता हे घ्या, लाजू नका, बीन्स आणि हिरवी मिरची आहे आत, टॉर्टिया घरच्या. तिखट आहे जरा. पाणी हवंय? हे घ्या. जरा म्हटलं ना, आमच्या मानानं जरा.

मला पक्ष्यांतलं मात्र काही विचारू नका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पक्षी बघणारा माझा नवरा, एलादियो. जन्मभर तांब्याच्या खाणीत खपला आणि सुट्टी मिळाली की या दरीत. आता निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका, दर शनिवारी लोकांना घेऊन वर जातो. मी डबा उचलायला. आज खाली का? — अहो, मला दम लागतो. कोणालाही विचारा इथं, एर्लिंदाबाईंना दम लागतो हे दरीतल्या खारींनासुद्धा माहीत आहे. मंडळींनी वाटेत मध्येच एक बाक बसवलाय, खास माझ्यासाठी. त्यावर बसताना मला इतकी लाज वाटते ना —

थांबा. — नाही, नाही, तो नव्हे. तुमचा वटवट्या नव्हे, तो ओढ्याकाठचा दुसरा, पंखावर पांढरा पट्टा असतो तो. सुरुवात सारखीच करतो, पण शेवटी आवाज खाली सोडून देतो. तुमचा शेवटी वर उचलतो, पत्र्यावर सुई ओढावी तसा बारीक.

असं काय बघताय माझ्याकडे?

बरं. तुम्ही परके, उद्या निघून जाल, तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण इथं कोणाजवळ बोलायचं नाही. — एलादियोचे कान गेलेत. सगळे नाहीत, माझं ओरडणं ऐकू येतं त्याला, पण बारीक आवाज गेले. खाणीतल्या त्या ड्रिलनी खाल्ले. आणि हा तो माणूस, जो डोळे मिटून सांगायचा, डावीकडच्या ओकमध्ये अमुक, मागच्या पाइनवर तमुक. एकदा वसंतात आम्ही सगळे वर चाललो होतो आणि हाच, तुमचा लाल तोंड्या, डोक्यावर गळा काढून गात होता — आणि एलादियो खालून सरळ निघून गेला. मागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला काय करावं सुचेना. मी म्हटलं, थांबा हो, मला दम लागला. सगळे थांबले, तो वळला, माझी नजर वर होती म्हणून त्यानंही वर बघितलं — आणि म्हणाला, मंडळी, तो बघा, वरून दुसरी फांदी. मग काय, पाखरू बोललं की मला दम लागायला लागला. त्यासाठी आवाज नकोत का ओळखायला? दुपारी तो झोपला की स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून मी पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग लावायची, भांडी घासता घासता. — आता हसा. मलासुद्धा किती दिवसांनी सुचलं, की ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापासून लपवायला मी दारं कशाला लावतेय.

त्याला कळलंय का? छे, पुरुषांना कुठं काय कळतं. तुम्हाला सँडविच गेलेलं कळलं नाही. पण आज सकाळी बुटांच्या नाड्या आवळता आवळता म्हणतो, "एर्लिंदा, आज तू खालीच बस. वाट उभी आहे, तुला दम लागतो." लागत नाही म्हणावं, तर तो विचारणार, मग इतकी वर्षं कशाला थांबत होतीस? डबा घेऊन इथं बसले आणि सकाळपासून त्या वळणाकडे बघतेय. तुम्हाला वाटलं मी तुम्हाला बोलवत होते? मी वळणाकडे बघत होते, तुम्ही मध्ये आलात. — तो पुन्हा खालून निघून गेला तर कोणी हसणार नाही हो. चांगली माणसं आहेत. हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवतील, समजून घेतल्यासारखं करतील. तेच नको आहे मला.

ती बघा, मार्व्हा आली. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांच्या आधी खाली पोचणारी. — काय गं, दिसला का? — दिसला? सगळ्यांना? — मग तू अशी काय बघतेस माझ्याकडे? पाणी पी आधी, आणि मग सांग. — काय म्हणाला? — सगळ्यांसमोर?

ऐकलंत का तुम्ही? पहिल्या ओढ्यापाशी सगळ्यांना थांबवलं म्हणे त्यानं. म्हणाला, "मंडळी, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरीच वर्षं बायकोच्या कानांवर चाललंय माझं. तिला आज खाली ठेवलंय, कारण तिच्यासमोर हे बोललो असतो तर इतकी वर्षं केलेलं सगळं फुकट गेलं असं वाटलं असतं तिला. तेव्हा आज कोणाला काही ऐकू आलं की हात वर करा. कुठं बघायचं ते मी सांगतो." आणि या मार्व्हानं हात वर केला, आणि त्यानं बरोबर फांदी दाखवली. — आणि माझं काय गं? माझं त्याला कधीपासून ठाऊक होतं? विचारलंस का? — पहिल्या दिवसापासून? — घरी जिना धावत चढते म्हणाला? — हो, चढते. माझं घर आहे, मी कशीही चढेन.

तू हसू नकोस, मार्व्हा. आणि तुम्हीपण.

पहिल्या दिवसापासून. म्हणजे मी दम लागला म्हणायची, आणि हा मला पाणी द्यायचा, पाठीवर हात फिरवायचा, "सावकाश, सावकाश" म्हणायचा —

आला बघा वळणावर. तुम्ही उठा आता. हो, आत्ताच, ते अर्धं राहिलंय ते वाटेत खा. चढ संपला की वाकडी पाइन लागेल, तिथं पाच मिनिटं गप्प उभे राहा, तुमचा वटवट्या बोलेल. मार्व्हा, तूपण जा, गाडीत बस. मला या माणसाशी भांडायचंय, आणि त्याला नीट ऐकू जाईल असं भांडायचं तर सगळ्या दरीला ऐकू जाणार. जेवढी माणसं कमी करता येतील तेवढी करते.

जा ना.