ताईच्या हिरव्या गाडीची मोटर

आणि वर आमची ही चारचौघांत सांगते, "ह्यांनी सख्ख्या बहिणीची गाडी सोलली!" सोलली म्हणे! अहो, गाडी म्हणजे काय केळं आहे सोलायला? आणि ऐकणारे माझ्याकडे असे बघतात, की मी जणू कुणाची दारात उभी केलेली मोटार चाकांसकट पळवलीय! आता काय सांगू... अहो, खेळण्यातली गाडी हो! तळहातावर मावणारी! पण बहीण खरी आहे ना, थोरली आहे, आणि गाडी तिचीच होती, त्यामुळे मला तोंड वर करून बोलताही येत नाही. पण तुम्हाला सांगतो, अगदी गळ्याशप्पथ सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. नुसती उघडून बघितली हो!

झालं काय, माळा आवरायला काढला. काढला कुणी? हिनं. वर चढलं कोण? मी! ही खालून ओरडतेय, "ते खोकं टाका, तेही खोकं टाका," आणि माझ्या हाताला लागलं आमच्या लहानपणचं शर्यतीचं खोकं! तुम्ही बघितलाय का तो खेळ? काळा ट्रॅक असतो, तुकडे जोडून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मांडायचा, त्यात दोन खाचा, एकेका खाचेत एकेक गाडी. गाडीच्या पोटाखाली खुंटी असते, ती खाचेत बसवायची, ट्रॅकमधून वीज येते, आणि आपल्या हातात एक घोडा, बंदुकीला असतो तसा. दाबला की गाडी सुसाट! जास्त दाबला की वळणावर उडून थेट कपाटाखाली! लाल माझी, हिरवी ताईची. बाबांनी दोघांत मिळून आणलेला एकच खेळ, आणि त्यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे पुढे जन्मात कधी कशावरून भांडलो नाही.

तर ते खोकं घेऊन मी गेलो दुकानात. माझं चष्म्याचं दुकान आहे. आता चष्मेवाल्याकडे काय असतं? बारीक स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, आणि गिऱ्हाईक नसलं की वेळच वेळ! लाल गाडी उघडली, गंज खरवडला, तेलाचा थेंब सोडला, काचा पुसायच्या फडक्यानं घासून घासून चकचकीत केली, दुकानभर मांडलेल्या ट्रॅकवर ठेवली, घोडा दाबला... ढिम्म! मोटरच जळलेली! आता मला सांगा, शेजारी हिरवी पडलेली असताना तुमची नजर गेली नसती? आतून असते तरी कशी ते कळावं, एवढ्यासाठी... नुसती उघडून बघितली हो!

बघितली तर काय, आत सगळं नव्यासारखं! ताई पहिल्यापासून टापटिपीची. म्हटलं, पोटाखालच्या तांब्याच्या दोन पट्ट्या तेवढ्या माझ्या गाडीला लावून बघू, परत काय काढता येतात. मग म्हटलं, टायर. माझे दगड झाले होते हो, तिचे अजून मऊ! मग दातेरी चाक. आणि एवढं सगळं गेल्यावर मोटरनं बिचारीनं मागे राहून करायचं तरी काय? तीही आली. आणि घोडा दाबला... अहाहा! काय पळाली म्हणून सांगू! चष्म्यांच्या स्टँडांमधून, नंबर तपासायच्या खुर्चीला वळसा घालून, पुन्हा काउंटरखाली! एक आजोबा त्या खुर्चीत बसले होते, घाबरून म्हणाले, "अहो, मला खाली लाल काहीतरी दिसतंय, सारखं येतंय नि जातंय, हा मोतीबिंदू का?" म्हटलं, "नाही आजोबा, ती माझी आहे."

आणि हिरवी? हिरवीचं उरलं नुसतं टरफल. ते मी मऊ फडक्यात गुंडाळलं, चष्म्याच्या केसमध्ये ठेवलं, आणि केस ड्रॉवरच्या पार तळाशी सारली.

आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन!

आता ताईचं सांगायला हवं. गेल्या वर्षी भावजी गेले. तेव्हापासून ताई म्हणजे... कशी आहेस म्हटलं की "बरी आहे," जेवलीस का म्हटलं की "जेवले," ये की इकडे म्हटलं की "बघू." संपला फोन! जी बाई हसायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला यायचे, ती बाई! वर्षभर हरतऱ्हेनं बोलावलं, आली नाही. आणि त्या दिवशी आमच्या हिनं आगाऊपणा करून तिला खोक्याचं सांगितलं, तर ताईनं थेट दुकानात मला फोन लावला, आवाज एकदम चढलेला! "अरे, माझी हिरवी आहे? अजून आहे? चालते? मी रविवारी येते, शर्यत लावू! आणि तोवर माझ्या हिरवीला हात लावू नकोस हं, मी तुला चांगली ओळखते!"

आता इथे सज्जन माणूस काय बोलला असता? खरं बोलला असता. मी काय बोललो? "ठणठणीत आहे ताई! एकदम ठणठणीत!" आणि बोललो कुणाकडे बघून? त्या ड्रॉवरकडे! वर्षानं ह्या बाईला काहीतरी हवंसं वाटलं, पहिल्यांदा, आणि नेमकं तेच मी सोलून... बघा, माझ्याही तोंडात तोच शब्द आला.

ह्या जुन्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक असतात, त्यांच्यातल्या एका बुजुर्गांचा नंबर मिळवला. म्हटलं, मोटर पाहिजे. ते घसा खाकरून, अगदी सावकाश म्हणाले, "मोटर? हं... त्या मोटरी बनायच्या थांबून जमाना लोटला. आमच्यात रीत अशी, एक गाडी जगवायची तर दुसरी द्यायची. तिला आम्ही दाता म्हणतो. तुमची दाता कुठली?" म्हटलं, "बहिणीची." ते म्हणाले, "तिला विचारलंत?" म्हटलं, "नाही, नुसती उघडून बघितली हो..." त्यांनी फोन ठेवला! ज्या माणसानं आयुष्यभर गाड्या फोडल्या, त्यानं माझा फोन ठेवला!

बरं, आता करावं काय? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी होती आमच्या हिची कॉफी फेसायची, बॅटरीवरची. तिच्यात मोटर असते ना! उघडली, मोटर काढली, लालमधली ताईची मोटर बाजूला ठेवून तिथे कोंबली, घोडा दाबला, आणि लाल जी सुटली... निम्मा ट्रॅक हवेतच! मग थांबली. मग धूर! दोन बारक्या बॅटऱ्यांवर चालणारा जीव तो, त्याला ट्रॅकचा करंट सोसतोय होय? आणि मागे वळून बघतो तर दुकानाच्या दारात ही उभी. "हे काय?" म्हटलं, "अगं, नुसती..." "पुढे बोलूच नका! माझ्या भावानं दिली होती ती!" म्हणजे बघा, इकडे माझी बहीण, तिकडे हिचा भाऊ, मी दोन्ही घरांचा गुन्हेगार!

शेवटी शनिवारी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि बसलो. पट्ट्या परत, टायर परत, दातेरी चाक परत, मोटर परत. हिरवी भरत गेली तशी लाल रिकामी होत गेली. खोटं कशाला बोलू, जिवावर आलं होतं. पण ताईचा तो फोनवरचा आवाज कानातून जाईना. एक जुना स्क्रू तेवढा कुठे घरंगळला सापडेना, तिथे चष्म्याचा लावला, नवा, चकचकीत. म्हटलं, गाडीच्या पोटाखाली कोण बघायला जातंय?

रविवारी घरी ट्रॅक मांडला, ताई आली. वाळली होती हो, दारात बघून मला गलबलूनच आलं. पण तिचं लक्ष कुठे माझ्याकडे! पिशवी टाकली, गुडघ्यांवर हात ठेवून "आई गं, आई गं" करत जमिनीवर बसली, हिरवी उचलली, आणि पहिलं काय केलं असेल? उलटी केली! "हा स्क्रू चष्म्याचा आहे रे." झालं! चष्मेवाल्याची बहीण ती! "उघडली होतीस?" म्हटलं, "ताई, नुसती..." "बघितलीस. बरं. लाव तुझी."

लाल लावली. तिनं घोडा दाबला, हिरवी भुर्रकन गेली, आठाचा आकडा पुरा करून परत आली. लाल जागच्या जागी! "दाब की रे!" "दाबतोय." "अरे दाब!" "दाबतोच आहे ताई!" मग तिनं माझी लाल उचलली, कानाशी धरून हलवली. आत काही वाजेना. माझ्याकडे बघितलं, त्या चकचकीत स्क्रूकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं!

आता तोफ डागणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती ओरडलीच नाही. हिरवीला आणखी एक फेरी मारू दिली, घोडा सोडला, आणि म्हणाली, "अरे, एकटीनं कसली शर्यत? एकटीनं गोल गोल फिरायचं तर ते मी घरी वर्षभर करतेच आहे."

तुम्हाला सांगतो, तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. आमची ही तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. माझे डोळे भरलेले, समोरचं दिसेना, आणि अशा वेळी मी शहाणा काय बोललो असेन? "ताई, मोटर आता लालमध्ये घालू का?"

आणि ताई हसली! आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि मग ते तिचं जुनं, खालचा मजला वर आणणारं हसणं! "घाल! घाल मेल्या! एक फेरी माझी, एक फेरी तुझी! अगं ए, बाहेर ये, तू आकडे मोज!"

मग काय विचारता! हिरवीची फेरी झाली की उघडायची, मोटर नि टायर काढायचे, लालमध्ये बसवायचे, लालची फेरी, परत उघडायची, परत हिरवीत... फेरी चुटकीसरशी संपायची आणि मोटर बदलेपर्यंत चहा गार! शर्यत पुरी व्हायला बुधवार उजाडला! ताई राहिलीच! आणि मी स्क्रू फिरवत असलो की ती आपली बोलत राहायची, भावजींचं, दवाखान्याचं, घरातल्या त्या रिकाम्या खुर्चीचं, वर्षभर न बोललेलं सगळं. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे विचारायला एवढं वर्ष तुला झालं काय होतं रे? आणि शर्यत जिंकली कोण? ती! तीच मोटर, तेच टायर, तरी ती! आकडे ही मोजत होती. त्या कॉफीच्या काडीपासून हिचं माझ्याशी वाकडंच, त्यामुळे मला दाट संशय आहे, पण बोलायला तोंड कुठाय?

निघताना ताईनं हात पुढे केला. "मोटर." म्हटलं, "अगं, हिरवी अख्खीच ने की!" "नको. गाड्या तुझ्याकडे, मोटर माझ्याकडे. म्हणजे मला यावं लागेल आणि तुला बोलवावं लागेल." रुमालात बांधली, पर्समध्ये टाकली, गेली! आता घरात ट्रॅक आहे, दोन दोन गाड्या आहेत, हिची कॉफी अजून बिनफेसाची आहे, आणि मोटर तिकडे बहिणीच्या पर्समध्ये.

काल मीच फोन केला. म्हटलं, "ताई, ये आता, ट्रॅक मांडून ठेवलाय. मोटर बरी आहे ना?" पलीकडून, "ठणठणीत! एकदम ठणठणीत!" अहो, हे ठणठणीत मी ओळखतो! हे माझंच ठणठणीत! म्हटलं, "ताई, खरं सांग..." तर ही थोरली बहीण, साठी उलटलेली बाई, एवढासा आवाज काढून म्हणते, "अरे... नुसती उघडून बघितली रे!"

आता मी कुठल्या तोंडानं रागावणार? म्हटलं, "असू दे ताई, तू ये. हातानं ढकलू."