साडेपाच तासांचं दूध

(शिरूर रस्त्यावरचं, गावोगावचं दूध थंड करून ठेवणारं चिलिंग सेंटर. एप्रिल, २००३. दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत ऑपरेटर राहिल आणि तळेगाव ढमढेऱ्याकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या सगुणाबाई.)

सगुणाबाई : साहेबांकडं न्हाई, तुझ्याकडंच आलीय. माझ्या नावावर लाल रेघ तूच मारलीस ना?

राहिल : मी नाही मावशी, कॉम्प्युटरनं. तुमच्याकडं लोकांनी दूध घातल्यापासून ते पावणेसात तासांनी इथं पोचतंय असं त्यात दिसतंय. एवढ्या वेळाचं दूध शिळं धरतात. केंद्र बंद करायचा हुकूम साहेबांचा.

सगुणाबाई : ह्या पावत्या बघ, पिशवीभर आणल्यात. सकाळच्या बहुतेक पावत्यांवर सहा. सव्वासातला टेम्पो तुझ्या दारात. मोज की!

राहिल : पावतीचं काय सांगावं? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.

सगुणाबाई : मग मी बोलती व्हय? आठ दिस झालं केंद्राला कुलूप हाय. शेजारची रतनबाई काल चहाला आली, आन् पिण्याआधी कपाचा वास घेतला तिनं. लई लागलं रे.

राहिल : बसा मावशी. पाणी देऊ?

सगुणाबाई : पाणी नको. त्याच्यात काय लिवलंय ते दाव.

राहिल : हे बघा. कुलूप लागायच्या आधीचा सोमवार, सकाळ. शून्य वाजून तीस मिनिटं. म्हणजे मध्यरात्रीचे साडेबारा.

सगुणाबाई : आन् सोमवार संध्याकाळ?

राहिल : दुपारी... साडेबारा.

सगुणाबाई : दुपारी साडेबाराला कुणाची म्हैस पान्हावती रे? तवा आमच्या म्हशी डबक्यात बसल्याल्या असत्यात. चाळीस घरं भर उन्हात धारा काढून माझ्या दारात आली व्हय?

राहिल : हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सगुणाबाई : तुझ्या घरी म्हैस न्हाई?

राहिल : नाही. अब्बांचं सायकलचं दुकान. दूध पिशवीचं.

सगुणाबाई : तरीच. बरं, दूध नासलं व्हतं का येकदा तरी?

राहिल : नाही. इथं उकळून बघतात. एकदाही फाटलं नाही.

सगुणाबाई : ह्या उन्हात पावणेसात तास ठिवलेलं दूध फाटत न्हाई म्हणतोस? आता बुधवार काढ. लाईट न्हवती, पावणेसातला सुरू केलं. पावतीवर हाय बघ.

राहिल : एक वाजून पंधरा. थांबा... सहाचे साडेबारा, पावणेसातचा सव्वा. दरवेळी साडेपाच तास. मिनिटाचा फरक नाही.

सगुणाबाई : चोर रोज इतका नेमका असतोय?

राहिल : मावशी, तुमचं दूध मोजून पावती छापायचं मशीन नवं ना?

सगुणाबाई : स्वच्छ दुधात पयला नंबर आला म्हणून तुम्हीच दिलंय. बाकी सगळ्यांची जुनीच.

राहिल : तिथंच घोळ आहे. ते मशीन बाहेरच्या देशातलं. पोटात इंग्लंडमधल्या ग्रीनिचची वेळ मोजतं. पावती छापताना त्यात साडेपाच तास मिळवतं, म्हणून तुम्हाला आपली वेळ दिसते. पण टेम्पोबरोबर जी फ्लॉपी तुम्ही इकडं पाठवता, तिच्यावर पोटातलीच वेळ येते, आणि आमचा कॉम्प्युटर ती आपलीच समजून वाचतो.

सगुणाबाई : म्हंजी दोन्ही घड्याळं बरोबर, आन् चोर मी.

राहिल : घड्याळं बरोबरच आहेत. मधे बघायचं काम माझं होतं. मी यादी छापली, सही ठोकली. चूक माझी आहे, मावशी. माफ करा. आजच साहेबांना सांगतो. परवा केंद्र उघडेल, पत्रही मिळेल तुम्हाला.

सगुणाबाई : पत्र मी वाचीन. पर गावानं टेम्पोवाल्या मच्छिंद्राच्या तोंडनं ऐकलंय, सगुणाबाई शिळं दूध मिसळती. ते पत्रानं धुऊन निघतंय व्हय?

राहिल : मग काय करू?

सगुणाबाई : परवा लोकं किटल्या घिऊन रांगेत उभी असतील. तवा ये, आन् चूक कुणाची ते तुझ्या तोंडानं सांग.

राहिल : सगळ्यांसमोर? साहेबांना आवडणार नाही. नोकरीवर येईल माझ्या.

सगुणाबाई : नोकरी दुसरी मिळंल, बाळा. नाव दुसरं कुठनं आणू मी?

राहिल : ...किती वाजता येऊ?

सगुणाबाई : सहाला. चहा ठिवते. रतनबाईच्या देखत पी.