केतनला मी दारातून परत पाठवत होते

अगं, त्या शिबिराचा घोळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. समोरच्या सावंतवहिनींची नात चिनू, सहा वर्षांची, रक्ताच्या आजाराने बेजार. घरातल्या कुणाच्याच मूळ पेशी तिला जुळेनात. म्हणून आमच्या चारकोपच्या सोसायटीत शिबिर ठेवलं. तरुण मुलांनी यायचं, गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना द्यायचा आणि दात्यांच्या यादीत नाव लिहायचं.

मी आपली दारात उभी. सावंत कणकवलीचे, तर चिनूला जुळणार गाववाल्यांचंच, म्हणून मी कोकणातलीच पोरं आत सोडत होते. तिसऱ्या मजल्यावरचा केतन शाह आला, तर म्हटलं, "तुझं काय काम रे इथे? घरी जा."

शिबिराची मुलगी धावत आली. "काकू, सगळे हवेत! यादी सगळ्याच पेशंटसाठी आहे."

मला काही कळलं नाही, पण सोडलं त्याला.

परवा नेमका केतनलाच फोन आला. जुळलं म्हणे, पण चिनूशी नाही.

"मग कुणाशी रे?"

"नाव सांगत नाहीत, काकू."

"गाव तरी?"

"तेही नाही."

बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय शिजतं ते मला ठाऊक, आणि एवढं कळू नये?

त्यात सावंतवहिनी त्याच्यासाठी घावणे घेऊन निघालेल्या. म्हटलं, "वहिनी, चिनूला काय उपयोग त्याचा?"

तर म्हणाल्या, "आमच्या चिनूचा केतन पण असाच कुठेतरी राहत असेल गो. त्याची शेजारीण तुझ्यासारखी दारात उभी नसली म्हणजे मिळवलं."