काळविटाचं पाडस

बहात्तरच्या दुष्काळातलं सांगतो. बेंबळीच्या सोजरमावशीला काळविटाचं पोरकं पाडस सापडलं. भुकेनं ते मान टाकत होतं आणि तिची शेळी त्याला लाथाडत होती. शेवटी मावशीनं शेळीच्या मेलेल्या करडाचं कातडं पाडसाच्या पाठीवर बांधलं. शेळीनं हुंगलं आणि पाजू लागली.

मी ते बघायला गेलो तेव्हा माझ्यासोबत एक प्राध्यापक होते. ते गुणसूत्रं मोजून हरणांची नाती लावत. आमच्या तहसील कचेरीत वारसनोंदीला वर्ष लागे, यांना थेंबभर रक्त पुरे.

ते मोठ्यानं म्हणाले, “मावशी, चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. काळवीट त्यांच्यातलं नव्हेच! ते शेळीच्या लांबच्या नात्यातलं.”

मावशीनं शेळीचे कान झाकले. “हळू बोला की सर! लांबचं हाय म्हणून कळलं तर पाजायची न्हाय. तिला पोटचं वाटतंय.”