शोभेचा तुकडा

आधी ती चिठ्ठी वाचून घ्या दीदी — चुका असतील, माफ करा, आठवीतच शाळा सुटली माझी, ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलंच नाही, शब्दही साधेच आहेत — नाही, थांबा, द्या इकडं, नका वाचू, तोंडानंच सांगतो. नाहीतर तुम्ही वाचत बसाल आणि मी तेवढ्यात गेटमधून पळून जाईन, माझा काही भरवसा नाही. बॅग आणा. कालची, नवी. भरली असन तर रिकामी करा. हव, माहीत आहे मले, दुपारची गाडी आहे, म्हणून तर सकाळीच आलो. तुम्ही हिंदीत बोला, मले समजते, तुमच्या आई मराठी बोलतात म्हणून मी आपला मराठीत — खुर्ची नको, पायरीवर बसतो. दाभण आणलं, मेणाचा दोरा आणला. अर्धा तास द्या फक्त.

काय झालं? काही झालं नाही अजून. व्हायचं ते तिकडं, काश्मिरात, तुमच्या त्या बर्फात झालं असतं. हे पहा, हे खालचं कपड्याचं कडं, ज्यात स्की अडकवता तुम्ही. काल तुम्ही दुकानात स्की घेऊन आल्या, बॅगला लावून पाहिली, मी खालून धरली होती — आठवते? मी एकदम मूठ मिटली अन् हात मागं घेतला, तुम्ही म्हटलं, क्या हुआ यशदीप, मी म्हटलं कुछ नहीं दीदी. हे पहा बोट. स्कीच्या कडेनं कापलं. मले काय माहीत तिच्या कडेला पोलाद असते! आमच्या मालकाले, नरहरीभाऊले विचारलं होतं मी, काय टांगतात म्हणे याच्यात, तर म्हणे लाकडाच्या पट्ट्या रे, बर्फावर घसरायच्या. मी बांबू टांगायचं कडं शिवलं दीदी. रायपूरचा माणूस, मी बर्फ पाहिला तो मच्छीबाजारातला, भुसा लावलेला.

तुम्ही गेल्या, आणि मग मी तसंच दुसरं कडं शिवलं, त्याच कपड्याचं, त्याच दोऱ्याचं, खिळ्याले अडकवलं आणि विळ्यानं घासत बसलो. हळूहळू घासलं, जोर नाही लावला. चाळीस वेळा. एकेचाळिसाव्याले कडं तुटून खाली पडलं. तुम्हीच सांगितलं होतं न हसत हसत — चढ फारच उभा आला की स्की काढून पाठीवर बांधायच्या अन् बुटांनं चढायचं, आणि वरून एक जरी स्की सुटून खाली घरंगळत गेली, की संपलं, कमरेइतक्या बर्फात पायानं चालताच येत नाही, रात्र तिथंच. तुम्ही हसत होत्या. मी पण हसलो. मले काय, मले वाटलं गंमत आहे.

ते तुटलेलं कडं घेऊन गेलो भाऊकडं. भाऊ गुडाखू, तो तंबाखूचा काळा लेप, दाताले घासत होते. दुपारी जेवण झालं की मागच्या मोरीपाशी उभे राहून अर्धा तास बोटानं दात घासतात, तो काळा फेस ओठावरून खाली येते, अन् बोलतात तसेच, थुंकत नाहीत, फेस सांभाळत बोलतात. म्हटलं भाऊ, हे टिकत नाही, दीदीले परत बोलवा. त्यांनी तेच बोट काढलं तोंडातून, तेच, काळं, ओलं, आणि त्या बोटानं कडं ओढून पाहिलं. म्हणे मस्त तर आहे. म्हटलं चाळीस वेळा घासलं अन् तुटलं. तर काय म्हणे माहीत आहे? म्हणे, "पोट्ट्या, बर्फातून कोण वापस येते बॅग घेऊन भांडायले?" आणि हसले. फेस उडाला, माझ्या शर्टावर. मी तो शर्ट रात्री तीनदा धुतला. वास जात नाही. दीदी, माणसाची किळस येते म्हणजे काय ते मले काल कळलं, जेवण गेलं नाही मले.

आणि तुम्ही पण — राग नका मानू — तुम्ही पण पहिल्या दिवशी आल्या आणि काय केलं? बारा बॅगा टांगल्या होत्या, एकेक एका बोटावर उचलून पाहिली. सगळे हेच करतात पंडरीच्या बाजारात. बोटावर उचलायची, म्हणायचं, वा, हलकी आहे. आत काय भरलं आहे, पाहते कोणी? थर्माकोलचा चुरा भरतो आम्ही, फुगलेली दिसाले पाहिजे म्हणून. पाठीतली पट्टी काढून ठेवतो, ती वजनदार असते. कोणी बॅग उलटी करून आतली शिलाई पाहत नाही. सात वर्षांत एकानं नाही पाहिली. चेन पाहतात, चमक पाहतात. अर्ध्या चेनी उघडतच नाहीत, नुसत्या वरून शिवलेल्या, खाली खिसाच नाही!

नाही, तुम्ही पाहिली, खोटं काहून बोलू. तुम्ही उलटी केली, नाक मुरडलं, आणि म्हटलं, यातली एक पण नको, माझी जुनी घे, हिच्यासारखी बनव, माझ्या पाठीच्या मापाची, हलकी, आठशे ग्रामच्या आत. फावडं अन् बर्फात खुपसून माणूस शोधायची ती लांब काडी ठेवायचा खिसा वेगळा पाहिजे, म्हटलं, कोणी बर्फाखाली दबलं तर चेन शोधत बसायले वेळ नसते. मी ते सगळं केलं. तो खिसा पहा, हातमोजा घालून पण उघडते, डोळे मिटून करून पाहिलं मी. पाठीची पट्टी खरी आहे. खांद्याच्या पट्ट्यांले तिहेरी टाके आहेत, कोणी सांगितले नव्हते. बारा दिवस लागले. मग वजन केलं, आठशे साठ.

इथं जरा पाय सरकवा, उजेड येऊ द्या.

तुमच्या जुन्या बॅगेवर त्या कड्याच्या आत आणि बाजूले काळा, जाड, रबरासारखा तुकडा होता, तळहाताएवढा. दोन्हीकडून. मी तसाच दिसणारा शिवला होता नव्या बॅगेवर. ऐंशी ग्राम भरले ते दोन तुकडे. आता आमच्याकडं बॅगवर जे काळं, जाड, चकचकीत दिसते ते शोभेचंच असते. मीच शिवतो ते, रोज. मले वाटलं, बाहेरच्या लोकांची पण तीच तऱ्हा असन, चारुदत्त नावाचा एक कारीगर आहे आमच्याकडं, तो पण म्हणे, शोभेचं आहे, काढून टाक. काढले. सातशे ऐंशी.

नाही. भाऊनं नाही सांगितलं काढायले. मघापासून मी असं बोलून राहिलो जसं काही त्यांनीच — भाऊले तर माहीत पण नव्हतं. चारुदत्तले पण मी काढल्यावर विचारलं. मीच काढले. तुम्ही मधल्या दिवशी आल्या होत्या न, बॅग उचलली अन् म्हटलं, यशदीप, और थोड़ी हल्की होगी क्या? बस. सात वर्षांत कोणी मले नावानं विचारलं नव्हतं. दुकानात येणारा प्रत्येक जण भाऊशी बोलते, मी मशीनवर खाली मान घालून असतो. मले वाटलं, काल तुम्ही ती एका बोटावर उचलावी. आणि तुम्ही उचलली. आणि वा म्हटलं. आणि माझ्या मुठीत रक्त होतं तेव्हा, बोट कापलेलं होतं, मले त्याच क्षणी समजलं होतं दीदी, तो तुकडा कशासाठी होता ते, पोलादापासून कडं वाचवायले — विळा-बिळा नंतरचं, विळा तर मी माझं मन समजवायले घासला, वाटलं टिकलं तर सुटलो. तुम्ही दारात होत्या, चपला घालून राहिल्या होत्या. मी एक हाक मारली असती. नाही मारली. तुमचं ते वा ऐकत उभा राहिलो.

तर भाऊचं बोट घाण, अन् माझं काय? रात्रभर तोच शर्ट धूत बसलो जसं काही घाण शर्टावरच आहे.

झालं हे एक. ओढा. असं नाही, पायानं दाबून ओढा. हव. हा तुमच्या जुन्या बॅगेचाच तुकडा आहे, असलीवाला, तसा मले रायपुरात कुठं मिळणार नव्हता. बॅग दुकानातच पडली होती. आता दुसरा. वजन वाढलं, पुन्हा आठशे साठ, आठशेच्या आत नाही बसली. साठ ग्राम तुम्ही दुसरीकडून काढा, एक चमचा घरी ठेवा, साबण अर्धा कापा, मले नाही माहीत. इथून नाही निघणार.

पाणी नको. चहा पण नको. धन्यवाद तर अजिबात म्हणू नका, कसंतरी होते.

दुकानाचं? दुकानाचं काय होते आता. आज सहा वाजता गेलो, शटर उघडलं, तुमची जुनी बॅग घेतली, तिचे तुकडे उसवले. मग त्या बारा बॅगा दिसल्या टांगलेल्या, फुगलेल्या. वही फाडली. बारा चिठ्ठ्या लिहिल्या, हिंदीतच, गिऱ्हाईक हिंदी वाचते — यह काला टुकड़ा दिखावे का है, इस पर भरोसा मत करना — अन् एकेका बॅगेवर टाचणीनं लावल्या, खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. शटर उघडंच ठेवलं, समोरच्या चहावाल्याले म्हटलं लक्ष ठेव. किल्ली भाऊच्या गुडाखूच्या डबीवर ठेवली. तिथं पण शुद्धलेखन चुकलं असन. पण वाचता येते.

झाली. दोन्ही हातानं उचला. जा आता, सामान भरा.